कडुनिंबाखालची शांतता

आज सकाळी वेचणीच्या बायका ओट्यासमोरून गेल्या. दसरा होऊन गेलाय, कापसाची पऱ्हाटी फुटली आहे, गावाबाहेर पाहिलं की वावरं पांढरी दिसतात. बायका मोठमोठ्यानं बोलत चालल्या होत्या. एकीच्या खांद्यावर वर्षाच्या आतलं मूल मान टाकून झोपलं होतं. ऊन चांगलं वर आलेलं, कुत्री भुंकत होती, आणि ते मूल काही केल्या हलत नव्हतं. मी ओट्यावरून उतरले आणि त्याची पापणी बोटानं वर केली.

"काय पाहून राह्यल्या, आजी?" ती बाई दचकून मागं सरली.

तेवढ्यात मुलानं भोकाड पसरलं. "काई नाई व," मी म्हटलं, "जाय तू." बायका पुढं गेल्या. जाता जाता एक दुसरीला म्हणाली, बुढीचं डोकं फिरलं. फिरलंही असेल. एरवी मी बरी असते. मोहरम येतो, पोळा येतो, थंडी पडते, माझं काही बिघडत नाही. वेचणी आली की मात्र दुपारी कान टवकारतात. कुठं मूल रडतंय का ते मी ऐकत बसते, आणि कुठंच रडत नसेल तर बसवत नाही.

माझे वडील मंगरूळपीरला शाळामास्तर होते. लग्न होऊन मी अनसिंगजवळच्या या गावी आले, ते शेतकऱ्याच्या घरात. दोन बैलजोड्या, काळं वावर, घरात सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणे. माझे यजमान नामदेव. पण त्यांचं नाव मी आयुष्यात घेतलं नाही, आताही नीट घेता येत नाही, म्हणून 'हे' असंच लिहिते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी यांना बैलानं छातीत लाथ मारली. फासळीचं दुखणं रात्रंदिवस. चावडीवर बसणाऱ्या कुणीतरी अफूची गोळी दिली, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. दुखणं महिन्याभरात गेलं. गोळी राहिली.

त्या काळी अफू चोरून आणावी लागत नसे. वाशीमला सरकारी ठेक्याचं दुकान होतं, मीठमिरची आणावी तशी माणसं आणत. दारू पिणाऱ्याचा घराला आवाज येतो. अफू खाणाऱ्याचा काहीच येत नाही. हे घरातच असत, जेवत, विचारलं तर उत्तर देत, आणि तरी मी एकटीच घरात आहे असं मला वाटे. डोळ्यातली बाहुली बारीक झालेली, खसखशीच्या दाण्याएवढी. त्या डोळ्यांत आपण दिसतो की नाही ते कळत नसे.

गोळी सुटली ती पोळ्याला. तोरणाखाली गावचे सगळे बैल उभे होते, यांच्या हातात आमच्या मोठ्या बैलाचा कासरा होता, मनगटाला गुंडाळलेला. हे उभ्या उभ्या झोपले. डफडी वाजली, बैल उधळला आणि गावासमोर यांना मारुतीच्या पारापर्यंत फरफटत घेऊन गेला. लोक आधी हसले. रक्त दिसल्यावर थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी आपली डबी नाल्याच्या पुरात फेकली आणि घरी येऊन मला म्हणाले, "आता जे होईन ते होईन. दार लावून घेजो, आन मी काई बी मांगलं तं देऊ नोको."

त्या पंधरवड्याविषयी मी फार लिहीत नाही. अंगावर काटा, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पिळा, आणि पाय. पाय आपले आपणच झटकत, जसे कुणी दुसरं ते ओढतंय. आत्याबाई दाराबाहेर बसून रडत आणि म्हणत, "थोडीशी दे व त्याले, मरून जाईन माहा लेक." मी देणार कुठून? घरातली सगळी अफू पुरात गेली, असं मी धरून चालले होते.

दसऱ्यापर्यंत हे उठून बसले, मग चालू लागले. गाव म्हणालं, सुटला. आम्हा दोघांना माहीत होतं की अजून काहीच सुटलेलं नाही. शरीर शांत झालं होतं, आणि आता ते वाट पाहत होतं.

तलफ कशाकशातून येईल याचा नेम नव्हता. गोळीवर हे गुळाचा खडा खात, म्हणून गूळ यांच्यासमोर आणायचा नाही. चावडीवरून जायचं नाही, वळसा घालून मळ्याच्या वाटेनं जायचं. बाजाराला वाशीमला जायचं नाही. कापसाची गाडी चुलतदीर नेत. चावडीवरचा एक सोबती संध्याकाळी दारासमोर येऊन नुसता खाकरे, बोलत नसे. त्या खाकरण्यासरशी यांच्या तोंडाला पाणी सुटे. एकदा हे स्वतःच दाराशी गेले आणि त्याला म्हणाले, "गड्या, तू चांगला मानूस हायेस. पन इकडून जाऊ नोको." तो गेला. पुन्हा आला नाही.

सगळ्यात वाईट वेळ दुपार उतरतानाची. त्या वेळेला यांना गोळीची सवय होती. सावली बांधाला टेकली की जांभया सुरू होत, एकामागून एक, आणि हे उठून फिरू लागत. मग आम्ही एक तोड काढली. अंबाडीचं चऱ्हाट वळायला दोन माणसं लागतात. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ देत मागं मागं जायचं. मधेच सोडलं तर सगळा पीळ उलगडतो. रोज त्या वेळेला मी टोक धरून उभी राही आणि हे पीळ देत. "सोडू नोको," हे म्हणत. मी म्हणे, "नाई सोडत." त्या हंगामात आमच्या घरात इतकं चऱ्हाट झालं की गावातल्या साऱ्या बैलांना पुरलं असतं. काही दिवशी पीळ संपे आणि आडवी झालेली उन्हं पाहून हे म्हणत, "गेली." वेळ की तलफ ते मी विचारत नसे.

आणि वेचणी सुरू झाली.

आमच्याकडं दहाबारा बायका येत. कमरेला फडकं बांधून ओटी करायची, दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढत ओळीनं पुढं सरकायचं. लेकुरवाळ्या बायकांची मुलं धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाला झोळ्या बांधून ठेवलेली. तिथं आत्याबाई बसत. त्यांचे गुडघे दुखत, वाकता येत नसे, म्हणून मुलं सांभाळायचं काम त्यांच्याकडं. आमची लेक यमूही त्यांच्याजवळ, नुकती रांगायला लागलेली. बायका आत्याबाईंचं फार कौतुक करत. कौतिका नावाची वेचणारी म्हणे, "काय हात हाय व बुढीचा. माहं पोट्टं घरी दम घेऊ देत नाई, इथं कसं गपगार निजते."

खरंच गपगार निजत. सकाळी आली की थोडी किरकिर, आणि मग उन्हं चढली की सगळं शांत. वाऱ्यानं झोळ्या हलत. कडुनिंबात कावळे बसलेले असत आणि तेही ओरडत नसत, असं आता मला आठवतं. पण आठवणीवर किती विसंबावं. बायकांचं बोलणं, बांगड्यांचा आवाज, वाळलेल्या पानांची चुरचुर, आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी ती एक जागा, जिथून आवाज येत नव्हता.

एके दिवशी चऱ्हाट वळताना हे थांबले. नाक वर करून, जनावर वारा घेतं तसा वास घेतला. "घरात हाय," म्हणाले.

"काय हाय?"

"अफू. वास येऊन राह्यला मले."

मला वास येत नव्हता. मी म्हटलं, "अजी, मनाचे खेळ हायेत. पीळ द्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज. शिळ्या, ओल्या कडब्यासारखा वास, थोडा कडू, असं हे सांगत. कधी आत्याबाईंच्या खोलीशी उभे राहत, कधी यमूला उचलून तिच्या तोंडाशी नाक नेत आणि पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं तिला माझ्याकडं देत. मला भीती वाटू लागली. वाटलं, हे परत घेऊ लागले आहेत आणि आधीच बोलून मोकळे होत आहेत. मी यांच्या अंगरख्याचे खिसे चाचपले, गोठ्यातली वैरण उपसून पाहिली. यांनी पाहिलं, पण रागावले नाहीत. "पाह्य," म्हणाले. "नीट पाह्य. मह्यावर भरोसा ठेवू नोको. पन हाय, हे खरं."

ती दुपार मला कालच्यासारखी आठवते. माझी ओटी भरली होती आणि मी ढिगाकडं चालले होते. हे गाडीवर बोचकी रचत होते. एकाएकी हात थांबवून यांनी झाडाकडं पाहिलं.

"इतकी पोट्टी हायेत," हे म्हणाले, "एक बी काहून रडून नाई राह्यलं?"

"निजली असतील."

"सारीच?"

हे चालू लागले, मग धावू लागले. मी ओटी तिथंच सोडून मागं गेले. यांनी पहिल्या झोळीत वाकून मुलाची पापणी वर केली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येक डोळ्यात तो खसखशीचा दाणा. ती मुलं निदान श्वास नीट घेत होती. आमची यमू आत्याबाईंच्या मांडीवर होती. तिचे ओठ जांभळट झाले होते. छाती वर आली, खाली गेली, आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग पुन्हा वर आली.

यांनी तिला उचललं. तळपायावर चापट्या मारल्या, एक, दुसरी, जोरानं. मडक्यातलं पाणी तोंडावर मारलं. "यमे," हे ओरडले नाहीत, अगदी कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "यमे, झोपू नोको. गोड लागते ते. मले ठाव हाय. झोपू नोको."

आत्याबाईंनी तिला घ्यायला दोन्ही हात पुढं केले. "दात येऊन राह्यले तिले," त्या म्हणाल्या. "सकाळपासून रडून राह्यली होती. एकीनं भागलं नाई म्हून दुसरी देल्ली. रोज मी एकच देतो, नामा. देवाशपथ एकच देतो."

त्यांच्या कमरेच्या पिशवीत पितळेची डबी होती. झाडाखालच्या सगळ्या मुलांना त्यातूनच अफूची गोळी मिळे, तिळाएवढी. बायांना ते माहीत होतं. त्यांच्याही आयांनी त्यांना दिली होती. या भागात वेचणी आणि निंदणी अशीच होत आली होती, आणि मला, मास्तरच्या मुलीला, ते कुणी सांगितलं नव्हतं. पोळ्यानंतर तर मुद्दाम नव्हतं सांगितलं.

हे यमूला घेऊन धुऱ्यावर येरझारा घालू लागले. खांद्यावर घेत, परत उलटी धरत, गालावर टिचक्या मारत, कानाची पाळी चिमटीत दाबत. श्वास अडला की हे थांबत आणि आम्ही सगळ्या थांबत असू. बायका ओट्या भरलेल्या तशाच उभ्या. कौतिका आपलं मूल झोळीतून काढून छातीशी धरून हलवत होती, आणि तिचं पाहून बाकीच्यांनीही आपापली मुलं उचलली. सावली बांधाला टेकली. यांची ती वेळ झाली. मी पाहिलं, यांना जांभई आली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि पितळेची ती डबी यांच्याच डाव्या मुठीत होती. आत्याबाईंकडून हिसकावली तेव्हापासून तिथंच होती. एका हातावर पोर, दुसऱ्या हातात डबी.

"अव," यांनी मला हाक मारली. आवाज ओळखू येत नव्हता. "मह्या हातात काय हाय, दिसून राह्यलं ना तुले? घे लवकर. मह्यानं मूठ उघडत नाई."

मी एकेक बोट उलगडून डबी काढून घेतली. "चुलीत टाकू नोको," हे म्हणाले, "धूर होईन." मी त्या गोळ्या दगडानं ठेचल्या, काळ्या मातीत कालवल्या आणि त्यावर मडकं ओतलं. हे तिकडं पाठ करून चालत राहिले.

दिवस मावळता मावळता यमू रडली. आधी कुईं एवढंच. मग जरा मोठ्यानं. हे तिला घेऊन तिथंच खाली बसले.

आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात राग होता, भीतीतून येणारा, "तुले बी देल्ली होती मी. याच झाडाखाली. तू मेला का?"

यांनी यमूचं ओलं तोंड पुसलं. "नाई, माय," म्हणाले. "मेलो नाई."

दुसऱ्या दिवशी हे बायांना म्हणाले, मह्या वावरात गोळी नाई. कौतिका म्हणाली, "मंग आमी वेचाव कसं, नामाभाऊ? पोट्टं पाठीले बांधून वाकता येते का?" हे म्हणाले, "येत नाई. वेचणी लांबन. लांबू द्या." काही बाया दुसरीकडं गेल्या. राहिल्या त्या घडीघडी झाडाकडं जाऊन मुलं पाजत, आणि आमचा कापूस माघापर्यंत पऱ्हाटीवर राहून धुळीनं पिवळा पडला.

मला वाटलं होतं की इथं संपलं. पण तिसऱ्या दिवशी आत्याबाई उठल्या नाहीत. अंगावर काटा, नाकातून पाणी, पाय झटकत होते. पाहिल्याबरोबर हे दारातच थबकले. काय झालंय ते यांना सांगावं लागलं नाही. गुडघ्यांसाठी म्हणून त्या स्वतःही घेत होत्या, किती वर्षांपासून ते त्यांनाही आठवत नव्हतं. हे त्यांच्या पायाशी बसून राहिले. "आता पोट धरन," हे सांगत. "मंग उलटी होईन. मंग थोडं थांबते. भेऊ नोको, माय." पण म्हातारं शरीर होतं. उलट्या थांबेनात, नाडी हाताला लागेना. वैद्य म्हणाले, "या वयात एकाएकी तोडाल तर जीव जाईल. थोडी थोडी द्या, हळूहळू कमी करा."

द्यायची तर आणायची कुणी? चुलतदीर गावाला गेलेले. मी म्हटलं, मी जाते. हे म्हणाले, "तू एकली गेली तं मी इथं वाट पाहात बसंन. वाट पाह्यनं लय वाईट. मी गाडी हाकतो, तू संग चाल."

वाशीमच्या त्या दुकानाशी आम्ही गाडी उभी केली. गजांमागं बसलेला माणूस यांना पाहून हसला. "लय दिसांनी, पाटील. आमाले वाटलं, गाव सोडलं का काय."

"बुढीसाठी पायजे."

"हो," तो काटा पुसत म्हणाला. "सारे घरच्यासाठीच नेतात."

यांनी दोन्ही हात पाठीमागं धरले होते. "हिच्या हाती द्या," म्हणाले. मी पुडी पदराच्या टोकात बांधली.

परतताना हे म्हणाले, "बोलत राह्य."

"काय बोलू?"

"काई बी. थांबू नोको."

मी बोलत राहिले. वडिलांची शाळा, पीरबाबाच्या उरुसातली रेवडी, आईनं केलेली तिळाची चटणी, माझ्या धाकट्या भावाला आलेल्या देवी. रस्त्यावर माणूस नव्हतं. दोन्ही बाजूंना तुरीची वावरं उभी होती आणि त्यांत आमचा आवाज शिरून नाहीसा होत होता. नाल्याशी बैल पाण्यावर थांबले. यांनी मागं वळून पाहिलं.

"दाखव," म्हणाले.

माझा हात पदराच्या गाठीवर गेला. यांनी हात पुढं केला असता तर मी काय करणार होते? यांना अडवणं माझ्यानं झालं नसतं, ते मला माहीत होतं आणि यांनाही. मी गाठ सोडली, पुडी उलगडून तळहातावर धरली. काळा, चिकट, बोटाच्या पेराएवढा तुकडा. यांच्या नाकपुड्या फुलल्या. बैल पाणी पीत होते. त्यांचं पिऊन झालं, त्यांनी माना वर केल्या, तरी हे पाहतच होते.

"बांध," म्हणाले. आणि मी बांधत असताना, "गच्च मार गाठ."

घरी येऊन मी आत्याबाईंना मोहरीएवढी गोळी पाण्यात दिली. हे दारात उभे होते. थोड्या वेळानं आत्याबाईंचे पाय थांबले. कपाळावरच्या आठ्या सुटल्या, जबडा सैल झाला, चेहऱ्यावर काहीतरी पसरत गेलं, दूध उतू जाण्याआधी शांतपणे वर येतं तसं. मी वळून यांच्याकडं पाहिलं. असा भुकेला माणूस मी दुष्काळातही पाहिला नव्हता.

"बरं वाटलं तिले?" यांनी विचारलं.

"हो."

"मले ठाव हाय," हे म्हणाले आणि बैल सोडायला बाहेर गेले.

आत्याबाईंची गोळी आम्ही कमी करत नेली. अखेरीस तीळभर उरली होती, तीवरच त्या पुढच्या पावसाळ्यात गेल्या. यमू मेडशीला दिली, तिला स्वतःची मुलं आहेत. हे जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांनी पुन्हा कधी अफू तोंडाला लावली नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. पण दर हंगामात एखाद्या दुपारी ते बोलता बोलता थांबत आणि दाराबाहेर पाहत राहत. मी स्वयंपाकघरातून बघत असे. हाक मारावीशी वाटे, पण मारत नसे. मान वळली की मला कोणता चेहरा दिसेल, हे इतकी वर्षं एका घरात राहूनही मला आधी कधीच सांगता आलं नाही.